सहा पीएसआय

चवथीच्या दुसऱ्या दिवशी ताईकडे जेवायला होतो. पंगत उठली, खतखत्याचा वास अजून घरभर रेंगाळत होता, आणि मी सुपारी कातरत गणपतीसमोर टेकलो होतो. भाच्याने खिशातून रुमालात गुंडाळलेला स्पार्क प्लग काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "मामा, बघ जरा. हे चमकतंय ते काय?" मी चष्मा सावरला आणि प्लग माटोळीखालच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताखालच्या, दिव्याजवळ धरला. टोकाचं पोर्सिलेन पांढरंफटक पडलं होतं. एरवी चांगल्या चाललेल्या इंजिनाचा प्लग फिकट तपकिरी निघतो. ह्या पांढऱ्यावर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके होते, आणि त्यांच्या मधूनच एखादा कण उजेडात चंदेरी लुकलुकत होता. नखाने खरवडला तरी निघेना, वितळून चिकटला होता. "फिटिंग करणारा म्हणाला, हल्लीच्या पेट्रोलने असं होतं," भाचा म्हणाला. तेवढ्यात ताई आतून कडाडली, देवासमोर ते काळं सामान घेऊन बसू नका म्हणून, आणि नेवऱ्यांचं ताट पुढे आलं. विषय तिथेच मोडला. पण घरी परत येताना गाडीत माझ्या डोक्यात तोच कण. पेट्रोलमध्ये ॲल्युमिनियम नसतं.

ते पिस्टनमध्ये असतं.

गाडी २०१० ची होंडा सिटी, दीड लिटरची, ११८ पीएस ताकदीची. पोराने ती जुनी म्हणून घेतली आणि नवीपेक्षा जास्त जपली. गोव्यातच, वेर्ण्याला नोकरी लागली, हातात चार पैसे खुळखुळू लागले, तेव्हा राज्याबाहेरच्या एका गॅरेजात नेऊन तिला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, बसवून आणला. कोणतं गॅरेज, ते इथे महत्त्वाचं नाही. मॅनिफोल्ड, टर्बो, दाब आवरणारी झडप म्हणजे वेस्टगेट, तेलाच्या दोन नळ्या, इंजिन सांभाळणारा एक नवा संगणक म्हणजे ईसीयू, आणि बूस्ट, म्हणजे हवेचा जास्तीचा दाब, सहा पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). परत आला तेव्हा चेहऱ्यावर असं तेज होतं की ताईला वाटलं, पोरगी बिरगी पसंत केली की काय. मी विचारलं, इंजिन उघडलं का? "छे, गरजच नाही. फक्त सहाच तर आहे मामा. टायरमध्ये बत्तीस असतं!" हा हिशोब त्याचा स्वतःचा नसावा, कुणीतरी त्याच्या गळी उतरवलेला असावा. तो मला तेव्हापासून खटकतोय, कारण तो चूक नाही, नुसताच गैरलागू आहे. टायरमधली हवा तिथेच बसून असते. इंजिनातल्या हवेला तिथून पुढे अजून बरंच भोगायचं असतं.

ह्या इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये पिस्टन खालून वर येताना ३७४ सीसी जागा पार करतो. वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरते ती जागा जेमतेम ४० सीसी. म्हणजे आत आलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण आपल्या मूळ आकाराच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान जागेत कोंबलं जातं. कॉम्प्रेशन रेशो १०.४ म्हणतात तो हा. कोंबलं की तापतं. मग ठिणगी पडते, ज्योत प्लगपासून सुरू होऊन भिंतींकडे पसरत जाते, आणि पसरताना पुढ्यातल्या न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबत, आणखी तापवत जाते. सगळं ठीक असेल तर ज्योत शेवटच्या कोपऱ्यात वेळेत पोचते. नसेल तर तो कोपरा ज्योतीची वाट न बघता स्वतःच पेटतो, सगळा एकदम. त्या धक्क्याने सिलिंडरमधली दाबाची लाट इकडून तिकडे आपटत राहते. ७३ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये तिची वारंवारता सात-आठ किलोहर्ट्झच्या घरात येते, आणि बाहेर आपल्याला ऐकू येते ती बारीक किणकिण. मेकॅनिक म्हणतात, इंजिन पिंग करतंय, नॉक मारतंय. पिस्टनच्या माथ्याला चिकटून वायूचा एक पातळ, थोडा थंड थर असतो. आगीपासून धातूचं रक्षण तोच करतो. ही लाट तो थर पुसून टाकते, ॲल्युमिनियम उघडं पडतं, आणि त्याचे कण उडून जवळच्या थंड जागी जाऊन बसतात. प्लगवर, उदाहरणार्थ.

मी डिप्लोमाच्या मुलांना थर्मल शिकवतो. ऑटो सायकल, म्हणजे पेट्रोल इंजिनाचं पुस्तकी चक्र, दरवर्षी दुपारच्या जेवणानंतरच्या तासाला येते, कशी कोण जाणे, आणि अर्धा वर्ग झोपलेला असतो. त्या सूत्रातून कॉम्प्रेशन ९ असलेल्या इंजिनाची आदर्श कार्यक्षमता साडेअठ्ठावन्न टक्के निघते, १०.४ ला पावणेएकसष्ट. दोन-अडीच टक्क्यांचा फरक. प्रत्यक्षात एवढंही पदरात पडत नाही, पण गाड्या बनवणाऱ्या कंपन्या ह्या दोन टक्क्यांसाठी जिवाचं रान करतात, कारण आपण शोरूममध्ये शिरल्या शिरल्या विचारतो, "किती देते?" पेट्रोलच्या ऑक्टेनमध्ये (नॉक न होता दाब सोसायच्या त्याच्या ताकदीमध्ये), इंजिनाच्या धातूमध्ये, थंड करण्याच्या सोयीमध्ये जेवढी मोकळीक असते, ती हाय कॉम्प्रेशन इंजिनात कंपनीने आपल्यासाठी आधीच खर्चून टाकलेली असते. शिल्लक थोडी असते, उन्हाळ्यात घाट चढताना, भेसळीच्या पेट्रोलसाठी, निष्काळजी मालकासाठी. टर्बो बसवणारा त्या शिलकेवर डोळा ठेवून असतो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूशी ह्याने १९०५ साली टर्बोचं पहिलं पेटंट घेतलं, तेव्हापासून ह्या यंत्राचं आकर्षण तेच: धुराबरोबर वाया जाणाऱ्या ताकदीवर पंखा फिरवायचा आणि हवा फुकट आत ढकलायची. फुकट ह्या शब्दाला आपण माणसं फार लवकर भुलतो.

माझं लहानपण उसगावच्या बाजूला गेलं. तिस्कवरून खनिजाचे टिप्पर दिवसरात्र जायचे, पावसाळा सोडला तर अंगणातल्या तुळशीसुद्धा लाल. त्यातले नवे टिप्पर चढावर एक लांब शिटी मारत जायचे. जुन्या गाड्यांना ती नव्हती. टर्बो हा शब्द आम्ही पोरांनी आधी कानाने ओळखला, पुस्तकात फार उशिरा भेटला. आता विचार केला तर त्या इंजिनांचं कॉम्प्रेशन सिटीपेक्षा कितीतरी जास्त, सतराच्या आसपास, वर टर्बो, वर दहा टन माल, आणि तरी ती वर्षानुवर्षं चालली. भाच्याने हा मुद्दा माझ्यावर फेकलाच. उत्तर सोपं आहे. डिझेलमध्ये पिस्टन नुसती हवा दाबतो. इंधन शेवटच्या क्षणी येतं, त्यामुळे वेळेआधी पेटायला आत काही नसतंच. पेट्रोलमध्ये जळायचा माल पहिल्यापासून आत बसलेला असतो. डिझेलवाल्याला जितकी गरम हवा तितकं बरं. पेट्रोलवाल्याचा वैरी तीच गरम हवा. २०१२ ला खाणी बंद पडल्या आणि ते टिप्पर गवतात उभे राहिले. त्यांच्यावर हयात घालवलेले मेस्त्री हळूहळू छोट्या गाड्यांकडे वळले. त्यातल्या एकाकडे मी भाच्याला घेऊन गेलो, कारण ऐकणारा माणूस हवा होता, विकणारा नव्हे.

मेस्त्रीने आधी प्लग पाहिले, चारही, एका ओळीत फळीवर मांडून. तिसरा सगळ्यात वाईट. मग प्लगच्या भोकातून कॅमेऱ्याची नळी सोडली. मोबाईलच्या पडद्यावर पिस्टनचा माथा दिसला. मधोमध काजळी, आणि कडेला, जिथे ज्योत शेवटी पोचते तिथे, धातू स्वच्छ खरवडल्यासारखा आणि बारीक खळगे पडलेला. कॉम्प्रेशन टेस्टला, म्हणजे पिस्टन वर आल्यावरचा आतला दाब मोजला तेव्हा, बाकीचे तीन सिलिंडर १९० पीएसआयच्या आगेमागे, तिसरा १७०. "अजून मेलं नाही," मेस्त्री म्हणाला, "पण ताप आहे, पुता." भाचा काही बोलला नाही. त्याने तो फोटो स्वतःच्या मोबाईलवर मागून घेतला.

पहिला उपाय त्याच्या मित्रांनी सुचवला तोच, जो सगळीकडे सुचवला जातो: हेडखाली, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाखाली, जाड पॅकिंग घाल, कॉम्प्रेशन उतरव. ऐकायला रास्त वाटतं. मी तिथेच बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला. १०.४ वरून ९ वर यायचं तर माथ्यावरची जागा ७ सीसीने वाढवायला हवी. ७३ मिलिमीटरच्या बोअरला म्हणजे पॅकिंग साधारण पावणेदोन मिलिमीटर जाड. पण पिस्टन वर येतो तेव्हा त्याची कड आणि हेडचा सपाट भाग ह्यांमध्ये मुद्दाम जेमतेम मिलिमीटरभर फट ठेवलेली असते. त्या फटीतून मिश्रण पिचकून मध्ये फेकलं जातं, घुसळलं जातं, त्यामुळे ज्योत झपाट्याने पसरते आणि कडेला पेटण्यासारखं फारसं उरतच नाही. नॉकविरुद्धचा सगळ्यात स्वस्त पहारेकरी म्हणजे ही फट. जाड पॅकिंग घालून ती पावणेतीन मिलिमीटर केली की पहारेकरी रजेवर. कॉम्प्रेशन उतरतं आणि नॉक होता तिथेच राहतो, कधी वाढतोही. कॉम्प्रेशन उतरवायचं तर माथ्यावर खोलगट वाटी असलेले फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले मजबूत, पिस्टन घालून, रिंगांच्या टोकांतली फट टर्बोच्या उष्णतेला पुरेल अशी ठेवून. खर्च ऐकल्यावर भाच्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली ती बराच वेळ काढली नाही.

मग माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं, जी खरं तर पहिल्यांदा दिसायला हवी होती त्या फिटिंग करणाऱ्याला. टर्बोतून निघालेला पाईप सरळ इंजिनात जात होता. मध्ये इंटरकूलर, म्हणजे ती हवा गार करणारी जाळी, नाही. "सहा पीएसआयला लागत नाही म्हणाले." पुन्हा ते सहा. हवा दाबली की तापते, मग ती टायरच्या पंपात दाबा नाहीतर टर्बोत. आपल्याकडे दुपारी सावलीत ३५ अंश असतं. सहा पीएसआय म्हणजे वातावरणाच्या साधारण १.४ पट दाब. चांगला टर्बो, सत्तर टक्के कार्यक्षमतेचा धरला, तर त्यातून हवा बाहेर पडते ८० अंशांची. तीच सिलिंडरमध्ये आणखी दहापट दाबली जाणार. कागदावर आकडे मांडले तर गंमत दिसते. कॉम्प्रेशन १०.४ वरून ९ वर आणलं, तर ठिणगी पडण्याआधीचं तापमान सुमारे ४० अंशांनी उतरतं. कॉम्प्रेशनला हातही न लावता, नुसता इंटरकूलर घालून ८० ची हवा ५० वर आणली, तर ते उतरतं ७० च्या आसपास. वर हवा दाट होते ते वेगळंच. इंजिन उघडून, पिस्टन बदलून जे मिळत नाही ते बंपरमागच्या एका जाळीने मिळतं. हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहिला असता तर कुणी वरही पाहिलं नसतं. गॅरेजात मेस्त्रीचा हाताखालचा पोरगासुद्धा पाना खाली ठेवून ऐकत उभा राहिला.

हाय कॉम्प्रेशनवर टर्बो हे वेड नवीन नाही. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची गाडी बाजारात आणली. टर्बो लावून विकलेल्या पहिल्या दोन मोटारींपैकी ती एक. त्याच वर्षीच्या शेवरोले कॉर्व्हेअरवाल्यांनी कॉम्प्रेशन आठवर ठेवून सावध पाऊल टाकलं. ओल्ड्समोबिलवाल्यांनी साडेतीन लिटरच्या व्ही-एटचं कॉम्प्रेशन १०.२५ ठेवलं आणि वर पाच पीएसआयचा बूस्ट दिला. म्हणजे माझ्या भाच्याच्याच गाडीचं गणित, साठ वर्षं आधी. नॉक होणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी बॉनेटखाली एक टाकी ठेवली, टर्बो रॉकेट फ्लुइड असं झगझगीत नाव देऊन. आत होतं काय, तर पाणी, मिथेनॉल आणि गंज न चढण्यासाठी थोडं औषध. बूस्ट आला की त्याचा फवारा हवेत जाई, पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाई, इंजिन शांत. महायुद्धातल्या विमानांवर पारखलेली युक्ती. टाकी रिकामी झाली तर बूस्ट आपोआप दाबून धरणारी झडपही होती. अभियांत्रिकी म्हणून मला त्यात नाव ठेवायला जागा दिसत नाही. फक्त टाकी भरायची होती गिऱ्हाइकाने. अनेकांनी ती भरलीच नाही, मग गाडी मलूल चाले आणि ते तक्रार घेऊन येत. १९६३ नंतर जेटफायर बंद झाली. पुढे कंपनीने मालकांना टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायला सुरुवात केली. त्या इंजिनिअरांबद्दल मला फार आपुलकी वाटते. त्यांनी सिलिंडरच्या आतली उष्णता बरोबर ओळखली आणि घरातली माणसं ओळखण्यात फसले. आमच्याकडे वायपरच्या पाण्याची बाटली कोण भरतं?

स्वीडनच्या साबने पुढे ही गाठ दुसऱ्या बाजूने सोडवली. १९८२ मध्ये त्यांनी इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक ऐकणारा सेन्सर बसवला. त्याला किणकिण लागली की यंत्रणा बूस्ट उतरवते. मालकाने काही करायचं नाही. साबच्या पहिल्या टर्बोचं कॉम्प्रेशन सव्वासातच्या खाली होतं. ह्या कानामुळे पुढच्या गाड्यांत ते वाढवता आलं आणि हलकं पेट्रोलही चालू लागलं. आज तर भाचा मला उलट विचारतो, "फोक्सवॅगनच्या वन लिटर टीएसआयचं कॉम्प्रेशन साडेदहाच आहे ना? तिला कसं चालतं?" चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर त्याला आवडत नाही. त्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्याची वाफ आतच होते आणि आतलीच हवा गार करते. पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड पहिल्या दिवसापासून त्या दाबासाठी ओतलेले. इंटरकूलर आहे. नॉक सेन्सर आहे आणि त्याचं ऐकणारा ईसीयूही आहे. सिटीत पेट्रोल बाहेर पोर्टमध्ये, हवा आत येण्याच्या वाटेत पडतं. आणि भाच्याच्या गाडीला कंपनीने दिलेला नॉक सेन्सर होता, पण नव्या ईसीयूला तो जोडलाच नव्हता. वायर इन्सुलेशन टेप गुंडाळून बाजूला बांधून ठेवली होती, व्यवस्थित, झिप टायने.

ती टेप पाहून मी पहिल्यांदा चिडलो.

पुढचे सगळे शनिवार गॅरेजातच गेले. धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवला आणि पहिलाच आकडा बोलका निघाला: बूस्टवर हवा-इंधनाचं प्रमाण तेराच्या वर जात होतं. पेट्रोल इंजिन टर्बोवर पूर्ण जोरात असताना ते साडेअकरा-बाराच्या दरम्यान हवं, थोडं जास्तीचं पेट्रोल आत गारवा धरतं. इथे उलट. कारण दुहेरी होतं. एक तर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मूळचेच, पूर्ण लोडवर जवळजवळ सतत उघडे राहूनही पुरेना. ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर त्यांना ताणू नये म्हणतात. आणि दुसरं, ईसीयूतला इंधनाचा तक्ता निव्वळ पेट्रोल धरून केलेला. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला माल सात-आठ टक्के जास्त घालावा लागतो. जो घातला नाही. गंमत अशी की टर्बोवाल्याला ई-२० खरं तर लाभदायक. पूर्वी आपल्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ असे, ई-२० चा ९५ च्या घरात जातो असं सरकार सांगतं, आणि इथेनॉलची वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता ओढून घेते. मायलेजच्या नावाने सगळे ज्याला शिव्या घालतात, ते इथे औषध ठरलं असतं, मात्रा बरोबर दिली असती तर. फिटिंग करणाऱ्याचं "हल्लीच्या पेट्रोलने असं होतं" हे वाक्य त्या अर्थाने अगदीच खोटं नव्हतं, ह्याचा मला आणखी राग आला.

बाकीची कामं लिहिण्यासारखी नाहीत, करण्यासारखी होती. मोठे इंजेक्टर. एक घर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे प्लग, त्यांची फट १.१ वरून ०.७ मिलिमीटर, नाहीतर दाबाखाली ठिणगीच विझते. वातावरणाच्या वरचा दाब वाचू शकेल असा मॅप सेन्सर. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातून येणारी तेलाची वाफ अडवायला एक डबा, कारण तेल हवेत मिसळलं की ऑक्टेन खाली खेचतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. ती वाफ परत इंजिनात नेणाऱ्या वाटेला, पीसीव्हीला, एकमार्गी झडप. आणि इंटरकूलर, ज्यासाठी बंपरची आतली पट्टी थोडी कापावी लागली. ताईने ती कापलेली पट्टी पाहिली आणि पोराने गाडी ठोकली असा समज करून घेतला. तो समज आम्ही दूर केला नाही, खरं सांगण्यापेक्षा तोच स्वस्त होता.

टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पाडायची ते, लावायची वेळ आली तेव्हा मेस्त्रीने मला थक्क केलं. त्याने वीतभर तांब्याची नळी घेतली, एक टोक हातोड्याने ठोकून चपटं केलं, त्याला भोक पाडलं आणि ते ब्लॉकवर बोल्टने आवळलं. दुसऱ्या टोकाला रबरी पाईप, तो खिडकीतून आत, आणि पाईपच्या शेवटी लेथवर काम करताना घालतात तसल्या इअरमफची एक वाटी. टिप्परांच्या काळात तो लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून बेअरिंग ओळखायचा, हे त्याचंच पुढचं रूप. साखळीहून केरी, अंजुणे धरणाच्या पुढे चोर्ल्याचा चढ लागतो तिथे आम्ही पहाटे गेलो. भाचा चालवतोय, मेस्त्री मागे वाटी कानाला दाबून डोळे मिटून बसलाय, माझ्या मांडीवर लॅपटॉप. घाटच का, तर सगळ्यात वाईट परिस्थिती तिथेच मिळते: तिसरा गिअर, अडीच हजार आरपीएम, पूर्ण थ्रॉटल. इंजिन सावकाश फिरतं तेव्हा त्या शेवटच्या कोपऱ्याला पेटायला भरपूर वेळ मिळतो. मोपा विमानतळाच्या रस्त्यावर सुसाट गेलं की नॉक सापडत नाही, आणि बहुतेक ट्यून तिथल्यासारख्याच रस्त्यावर होतात. एका वळणानंतर मेस्त्रीने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि वाटी माझ्या कानाला लावली. आधी नुसता समुद्रासारखा घोष. मग त्यात कोरडा, टोकदार, टिक टिक टिक. गाडीत बसून, काचा बंद करून, हे कधीच ऐकू आलं नसतं. जुना ठोकताळा सांगतो, दर पीएसआयमागे अंशभर टायमिंग मागे घ्या. आम्ही सहा घेतले आणि तिथून एकेक अंश पुढे सरकवत, आवाज आला की पुन्हा दोन मागे येत, उजाडेपर्यंत वर-खाली करत राहिलो. घाट धुक्यात होता. दमट हवा नॉक थोडा दाबते, म्हणून त्यातलाही एक अंश मी परत काढून घेतला. चैत्रातली दुपार धुकं घेऊन येणार नाही.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करायचे नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी बॉनेट उघडून पाहील हे वेगळं. हे सगळं मी भाच्याला स्पष्ट सांगितलंय. "सेफ" हा शब्द ह्या पोरांच्या तोंडी असतो तेव्हा त्यात फक्त पिस्टन येतो, रस्त्यावरचा दुसरा माणूस येत नाही, ब्रेक येत नाहीत, कागद येत नाहीत. मास्तर म्हणून मी हे काम करायला नको होतं असं माझ्या बायकोचं मत आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. फक्त इतकंच की टेप लावलेली ती वायर तशीच ठेवून मला झोप लागली नसती.

आणि खोटं कशाला बोला, मजा येते. परतीच्या वाटेवर भाच्याने मला चालवायला दिली. तीन हजारापर्यंत तीच जुनी, घरगुती सिटी. मग बॉनेटखालून ती शिटी येते, जी मी तिस्कच्या नाक्यावर उभं राहून ऐकायचो, आणि रस्ता एकदम आखूड होतो. पन्नाशीच्या माणसाने हसू नये इतका मी हसलो. वाइडबँडचा काटा ११.८ वर, हवेचं तापमान ४७. मी रस्त्यापेक्षा त्या दोन आकड्यांकडेच जास्त बघत होतो हे भाच्याने टिपलं, आणि ते खरंच आहे. ह्या गाडीत आता कुणालाच निर्धास्त बसता येणार नाही. टर्बोबरोबर येतं ते हेही.

तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन १७० वरच आहे, वाढलं नाही, उतरलंही नाही. नवे प्लग काढून पाहिले, फिकट तपकिरी निघाले. पण खळगे पडले ते पडले, रिंगेची कड आतून तडकली आहे की नाही हे पिस्टन बाहेर काढल्याशिवाय कळणार नाही. मेस्त्रीचं म्हणणं, उन्हाळ्यात उघडू, तोवर चालव पण अंगात आणू नको. गेल्या रविवारी भाचा घरी आला. नुसताच येतो तेव्हा हात हलवत येतो, ह्यावेळी म्हापशाच्या बाजारातून सुंगटं (कोळंबी) घेऊन आला, तेव्हाच मी ओळखलं. "मामा, इंटरकूलर आहे, इंजेक्टर मोठे आहेत, नॉक सेन्सर जोडलाय. वेस्टगेटची स्प्रिंग बदलली की आठ होईल. फक्त दोनच तर वाढतात." मी म्हटलं, आठ हवं असेल तर आधी पिस्टन, मग रॉड, मग ब्रेक, आणि ह्याच क्रमाने पावत्या मला दाखवायच्या. तो पिस्टनचे भाव काढून आला होता. ब्रेकचे नव्हते काढले.